वजन टिकवण्याचा आकडा शोधताना

वजन कमी कसं करायचं हे सांगायला सगळे टपलेले असतात. ते कमी झाल्यावर रोज किती खायचं असं विचारलं की मात्र उत्तर मिळतं, "आता हळूहळू वाढवा." किती वाढवा, कुठे थांबा, कशावरून ओळखा, यावर कुणी फारसं बोलत नाही. फेब्रुवारीत माझं वजन ७४ वरून ६४ किलोवर आलं, आहारतज्ज्ञांकडची शेवटची भेट झाली, आणि माझ्याजवळ राहिलेला कागद अजून वजन घटवण्याचाच होता: रोज १,४५० कॅलरी. त्या कागदाच्या जागी दुसरा कागद तयार करायला मला ऑक्टोबर उजाडला. कुणाला तो रस्ता चालायचा असेल तर काय काय लागतं, कुठे थांबावं लागतं, हे क्रमाने लिहून ठेवते.

आधी माझी माहिती. बाई, वय ४१, उंची १६२ सेंटिमीटर. दिवसभर खुर्चीतलं काम, आठवड्यातून तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम, कामावर जाता-येता मिळून चाळीसेक मिनिटं चालणं. गोळ्या-औषधं काही नाहीत. पुढचे सगळे आकडे या शरीराचे आहेत, त्यामुळे पद्धत घ्या, आकडे उचलू नका. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, किंवा पूर्वी कधी खाण्याच्या विकारातून गेला असाल, तर हे एकटीने करू नका, डॉक्टरांना बरोबर घ्या. शेवटच्या बाबतीत तर मोजमाप सुरूच न करणं बरं, कारण मोजणं हेच तिथे दुखणं होऊन बसतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी केली. हिमोग्लोबिन, थायरॉईड, लिपिड प्रोफाइल आणि क्रिएटिनिन. हे शेवटचं मुद्दाम, कारण मला प्रोटीन चांगल्यापैकी ठेवायचं होतं आणि मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे आधी बघून घ्यायचं होतं. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त दिलं, दुसऱ्या संध्याकाळी रिपोर्ट. सगळं मर्यादेत. हा रिपोर्ट जपून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात. त्याबरोबर तीन दिवसांची खाण्याची नोंदही मागतात: दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा. सुट्टीचा दिवस गाळून तीन गुळगुळीत दिवस लिहून द्यायचा मोह होतो, पण मग पुढचं सगळं गणित त्या गुळगुळीत बाईचं होतं, आपलं नाही.

मग नुसत्या विश्रांतीत शरीर किती कॅलरी जाळतं ते काढायचं सूत्र. आजकाल सगळीकडे वापरलं जातं ते मिफ्लिन-सेंट जिओर यांचं, १९९० सालचं. त्याआधी १९१९ पासून हॅरिस-बेनेडिक्ट यांचं चालायचं. मिफ्लिनचं सूत्र कागदावर दोन मिनिटांत सुटतं: किलोमधलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. त्यातून बायकांनी १६१ वजा करायचे, पुरुषांनी ५ मिळवायचे. माझे आले ६४० अधिक १,०१२.५ वजा २०५ वजा १६१, म्हणजे साधारण १,२८७ कॅलरी. नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसभरात एवढं जाळतं, असा याचा अर्थ.

इथपर्यंत सरळ आहे. पुढे या आकड्याला हालचालीच्या गुणकाने गुणायचं असतं: बैठ्या माणसाला १.२, थोडी हालचाल असेल तर १.३७५, मध्यम असेल तर १.५५. मी यातली कोण? दिवसाचे आठ तास खुर्चीत बसते म्हणजे बैठी. आठवड्यातून तीनदा घाम गाळते म्हणजे मध्यम. तिन्ही गुणक लावून पाहिले: १,५४४, १,७६९ आणि १,९९४. खालच्या आणि वरच्या आकड्यात साडेचारशे कॅलरींचं अंतर, म्हणजे एक अख्खं जेवण. शिवाय सूत्र स्वतःच काही माणसांच्या बाबतीत दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं, ते वेगळंच. कॅल्क्युलेटर शेवटच्या अंकापर्यंत उत्तर देतात त्यामुळे ते अगदी नेमकं वाटतं. खरं तर तो एक बऱ्यापैकी अंदाज असतो, सुरुवात करण्यापुरता.

मधला आकडा धरायचं ठरवलं. तेवढ्यात व्यायामशाळेतल्या एका मैत्रिणीने सांगितलं की विश्रांतीतला खर्च प्रत्यक्ष मोजताही येतो, श्वासावरून. इनडायरेक्ट कॅलरीमेट्री म्हणतात त्याला. चौकशी केली तर पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आणि फी व्यायामशाळेच्या महिन्याच्या फीपेक्षा जास्त. उत्सुकतेपोटी नाव नोंदवलं आणि दरम्यान खाणं वाढवायला सुरुवात केली.

मार्च अखेरीपासून दर आठवड्याला रोजच्या खाण्यात शंभर कॅलरी वाढवल्या: १,५५०, मग १,६५०, एप्रिलच्या मध्यापर्यंत १,७५०. एकदम तीनशे वाढवल्या असत्या तरी शरीराचं काही बिघडत नव्हतं, पण माझा जीव दडपला असता. वर्षभर कमी खाऊन वजन उतरलेलं, आणि आता जास्त खायचं म्हणजे हाताने बांधलेलं हाताने पाडायचं असं वाटत होतं. त्यात झालं असं की दुसऱ्याच आठवड्यात काटा ६४.९ दाखवायला लागला. एक दिवस ६५.२.

हे का होतं ते आधी वाचून ठेवलं होतं म्हणून निभावलं. कमी खाण्याच्या काळात स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने जपून ठेवलेल्या साखरेचा, साठा अर्धवट रिकामा असतो. कार्ब्स (कर्बोदकं) वाढवले की तो भरतो, आणि ग्लायकोजेनचा दर एक ग्रॅम आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. आतड्यात असलेल्या अन्नाचं वजनही वाढतं, मीठही थोडं जास्त पोटात जातं. म्हणजे किलोभर वजन एक ग्रॅमही चरबी न वाढता येऊ शकतं. चरबीच एक किलो वाढायला अंदाजे ७,७०० कॅलरी जादा लागतात. मी दोन आठवड्यांत खर्चापेक्षा तेवढं जास्त खाणं शक्यच नव्हतं. हे गणित मी एका चिठ्ठीवर लिहून काट्याशेजारी भिंतीवर चिकटवलं. खाणं वाढवल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे काटा जे सांगतो त्यावरून काहीही ठरवू नका, नुसतं लिहून ठेवा.

वजनाची नोंद कशी करायची तेही सांगते. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, कमीत कमी कपड्यांत, काटा त्याच फरशीवर. आकडा लिहायचा आणि विसरायचा. बघायची ती सात दिवसांची सरासरी. माझं रोजचं वजन आठवड्यात सहज किलोभर वर-खाली होतं, सरासरी मात्र शंभर-दोनशे ग्रॅमनेच सरकते. बायकांनी आणखी एक धरावं: पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, माझं तर किलोच्या वर जातं. त्यामुळे या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करायची. हे कळल्यापासून महिन्यातला एक वाईट मूड कायमचा गेला.

एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात मोजणीची तारीख आली. रात्रभर उपास, सकाळपासून चहा-कॉफी नाही, आदल्या दिवशी व्यायाम नाही, आणि धावतपळत येऊ नका अशी ताकीद. आधी वीसेक मिनिटं नुसतं पडून राहायला लावलं. मग डोक्यावरून पारदर्शक प्लास्टिकचा घुमट, त्याची कड अंगावर पातळ पडद्याने बंद केलेली, आणि वरून निघालेली एक नळी यंत्राकडे. किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला, त्यावरून यंत्र खर्च काढतं. हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि झोपायचंही नाही. हे तिसरं सगळ्यात अवघड. आतली हवा कोमट असते, यंत्राची घरघर एका लयीत चालू असते आणि पोटात काही नसतं. तिथल्या बाई मधूनमधून पावलावर टिचकी मारून मी जागी असल्याची खात्री करून घेत होत्या. पहिली पाच मिनिटं गणनेतून वगळतात, कारण माणूस सुरुवातीला नकळत जोरात श्वास घेतो.

निकाल आला १,२४०. सूत्राने सांगितले होते १,२८७. फरक चार टक्क्यांच्या आत. म्हणजे एवढी फी भरून मला कळलं की सूत्र बरं आहे. शिवाय हाही फक्त विश्रांतीतला खर्च. गुणकाचा प्रश्न होता तिथेच होता. डॉक्टरांनी सांगितली असेल तर ही तपासणी उपयोगी. नाहीतर त्या पैशात चांगला किचन स्केल आणि चांगले बूट येतात.

याच सुमारास दोन गोष्टी वाचनात आल्या. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतल्या लोकांचा अभ्यास छापला. स्पर्धेनंतर सहा वर्षांनीही त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी होता. वाचून माझी झोप उडाली होती. पण त्या माणसांनी काही महिन्यांत प्रचंड वजन उतरवलं होतं, भयंकर व्यायाम करून. वर्षभरात दहा किलो उतरवलेल्या बाईला तो आकडा जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. माझा ४७ चा फरक बघून ते पटलंही. दुसरी गोष्ट दिलासा देणारी: २०२१ मध्ये हर्मन पॉन्टझर आणि इतरांनी सहा हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतल्यावर विशीपासून साठीपर्यंत चयापचय जवळपास स्थिर असल्याचं दिसलं. "चाळिशीनंतर चयापचय मंदावतं" हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यावर वादही घालत नसे. आता घालते.

तर सूत्र झालं, यंत्र झालं, आणि तरी माझा आकडा माझ्याजवळ नव्हता. तो मिळवायचा एकच खात्रीचा मार्ग उरला: चार आठवडे खाल्लेलं सगळं प्रामाणिकपणे मोजायचं, वजनाची सरासरी काढायची आणि दोन्हींवरून उलटं गणित मांडायचं. मे महिना यासाठी ठेवला.

इथे सगळा भार मोजण्याच्या अचूकपणावर असतो, म्हणून स्वयंपाकघराबद्दल जरा सविस्तर. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा किचन स्केल पुरतो. कप आणि चमचे मोजायला नकोत. "एक चमचा" कधी सपाट असतो, कधी डोंगर. तेलाचं तर विचारूच नका. मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, १२० कॅलरी. अंदाजाने ओतलं की दीड-दोन चमचे सहज पडतात आणि दिसतही नाही. यावर उपाय असा: तेलाची बाटली स्केलवर ठेवायची, आकडा शून्य करायचा, बाटली उचलून कढईत तेल ओतायचं, पुन्हा स्केलवर ठेवायची. उणे १२ दिसलं म्हणजे १२ ग्रॅम तेल गेलं. भांडं घासायला वाढत नाही, हिशोब डोक्यात ठेवावा लागत नाही.

भाताची गोम वेगळी. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी, तर शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३०. ॲपमध्ये नुसतं "भात" किंवा "तांदूळ" शोधलं की दोन्ही समोर येतात आणि चुकीचं निवडलं की एका वाढणीत जवळपास पावणेतीनपट फरक. मी घरातल्या प्रत्येक पातेल्याचं रिकामं वजन मार्करने त्याच्या बुडाशी लिहून ठेवलं. २०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ७२० कॅलरी. शिजल्यावर पातेल्यासकट वजन केलं, बुडाशी लिहिलेला आकडा वजा केला, राहिले ५६० ग्रॅम. मग माझ्या ताटातल्या १५० ग्रॅम भाताच्या १९३ कॅलरी. घरच्यांनी किती घेतला याच्याशी मला देणंघेणं नाही. हीच रीत कुठल्याही एकत्र शिजवलेल्या पदार्थाला लागू पडते: आत घातलेलं सगळं कच्चं मोजा, शेवटचं एकूण वजन घ्या, आपला वाटा काढा. मार्कर मात्र दर दोन आठवड्यांनी घासून जातो.

पाकिटावरच्या लेबलांबाबत: आधी आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका सर्व्हिंगचे ते बघा, आणि सर्व्हिंग किती ग्रॅमची तेही. काही ठिकाणी किलोज्यूल छापतात, ४.१८४ ने भागलं की कॅलरी मिळतात. डब्यातलं कडधान्य असेल तर पाण्यासकट की पाणी काढून, हे बारीक अक्षरात असतं. आणि एक झटपट पडताळणी: प्रोटीनचे ग्रॅम गुणिले ४, कार्ब्सचे गुणिले ४, फॅटचे गुणिले ९, बेरीज लेबलवरच्या कॅलरींच्या आसपास यायला हवी. हे गुणक विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या प्रयोगांतून आलेले, आणि आजही लेबलं बहुतेक त्यांवरच चालतात. फायबर जास्त असेल तर थोडा फरक पडतो, कारण त्यातून ग्रॅमला साधारण दोनच कॅलरी मिळतात. ॲपमधल्या कुणी कुणी भरलेल्या नोंदींना ही पडताळणी लावली तर निम्म्या तिथेच गळतात.

एवढं काटेकोर कशासाठी? १९९२ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं आणि खर्च प्रत्यक्ष मोजला गेला. गट लहान होता, पण त्यांनी खाल्लेल्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगितली होती. कुणी खोटं बोलत नव्हतं. चव बघताना गेलेला घास, ताटात उरलेलं संपवणं, कॉफीतलं दूध, हे कुणाच्या लक्षात राहतं? मीही महिनाभर चव बघायचा चमचा स्केलवर ठेवत होते. घरात माझी भरपूर चेष्टा झाली. ती होणार, हे धरून चला.

घड्याळ सांगतं त्या व्यायामाच्या कॅलरी मात्र मी जमेला धरल्या नाहीत. बहुतेक ॲप त्या आपण होऊन दिवसाच्या खात्यात टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. व्यायाम आपल्या एकूण खर्चात आलेलाच असतो, तो पुन्हा खायचा म्हणजे एकाच पावतीवर दोनदा पैसे उचलणं.

जूनच्या पहिल्या रविवारी हिशोब मांडला. ठरवले होते १,७५०, प्रत्यक्षात चार आठवड्यांची सरासरी निघाली रोज १,६९०. वजनाची सरासरी पहिल्या आठवड्यात ६४.८, शेवटच्या आठवड्यात ६४.४. म्हणजे ४०० ग्रॅम कमी. ०.४ गुणिले ७,७०० म्हणजे ३,०८०. भागिले २८ दिवस, ११०. रोज ११० कॅलरी कमी पडत होत्या. १,६९० अधिक ११०, बरोबर १,८००. सरासरी आठवड्याच्या मधोमध येते म्हणून दिवस २८ ऐवजी २१ धरावेत असं कुणी म्हणेल. तसं केलं तर उत्तर १,८३७ येतं. मी १,८०० धरलं आणि दोन्ही बाजूंना पन्नासची सूट ठेवली. अंदाजाने निवडलेल्या मधल्या गुणकाने १,७६९ दिले होते, हे बघून गंमत वाटली. पण जूनमधल्या १,८०० वर माझा विश्वास होता, मार्चमधल्या १,७६९ वर नव्हता.

आता त्या १,८०० ची वाटणी. इथे लोक टक्क्यांपासून सुरुवात करतात. मला ते उलटं वाटतं. प्रोटीन शरीराच्या वजनावर ठरतं, म्हणून आधी ते ग्रॅममध्ये ठरवायचं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी किलोला ०.८३ ग्रॅम पुरेसं धरते. माझ्यासाठी ते ५३ ग्रॅम होतं. पण तो आकडा कमतरता होऊ नये एवढ्यासाठीचा आहे. वजनं उचलणाऱ्यांना सहसा १.२ ते १.६ सांगतात, आणि प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं हा माझ्यासाठी मोठा फायदा. शिवाय त्यातल्या कॅलरींपैकी २० ते ३० टक्के पचवण्यातच खर्च होतात; कार्ब्सच्या ५ ते १०, फॅटच्या जेमतेम ३ पर्यंत. मी १.४ घेतलं: ९० ग्रॅम, ३६० कॅलरी.

मग फॅट. एकूण कॅलरींच्या २० टक्क्यांखाली जायचं नाही, कारण अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषून घ्यायला आणि आवश्यक मेदाम्लांसाठी ते लागतं. मी ३० टक्के ठेवलं: ५४० कॅलरी, ६० ग्रॅम. त्यातलं संपृक्त २० ग्रॅमच्या आत. उरलेल्या ९०० कॅलरी कार्ब्सच्या, म्हणजे २२५ ग्रॅम. वरून घातलेली साखर दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ ग्रॅम. फायबर दर हजार कॅलरींना १४ ग्रॅम या हिशोबाने २५ च्या आसपास. झाली योजना. कार्ब्स आणि फॅट यांची आपसात अदलाबदल मी खुशाल करते. एखाद्या दिवशी फॅट ७० आणि कार्ब्स २०० झाले तरी काही अडत नाही. प्रोटीन आणि एकूण बेरीज एवढ्यांवरच नजर.

जुलै-ऑगस्ट हे कागदावरचे ग्रॅम ताटात उतरवण्यात गेले. सकाळी ४०० कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रोटीन: दोन अंडी, पेलाभर कमी स्निग्धांशाचं दूध, ४० ग्रॅम ओट्स. दुपारी ५५० आणि २५, संध्याकाळी २५० आणि १५, रात्री ६०० आणि २५. दुपारचं जमवायला सगळ्यात वेळ लागला, कारण कडधान्यातून प्रोटीन घ्यायचं तर कार्ब्स बरोबर येतातच. मग भात कमी करून दही वाढवावं लागलं. बदामांना प्रोटीनचं खाद्य समजायचं मी सोडून दिलं. २८ ग्रॅम बदामांत ६ ग्रॅम प्रोटीन असतं खरं, पण फॅट १४ ग्रॅम. ते फॅटच्या खात्यात लिहायचं. अख्ख्या बदामांतल्या काही कॅलरी न पचता निघून जातात हेही तपासलं गेलंय, लेबलवरच्या साधारण १७० च्या जागी प्रत्यक्ष १२९, पण त्या सवलतीवर हिशोब रचण्यात राम नाही.

भुकेचं काय झालं ते लिहायला हवं. १,४५० वर असताना दुपारी चारच्या सुमारास डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही नसायचं. १,८०० वर आल्यावर तीनेक आठवड्यांनी एक दिवस पाच वाजले आणि लक्षात आलं की आज डबा उघडायचा राहिलाच. झोप सुधारली, हात-पाय गार पडणं कमी झालं, व्यायामात अडकलेली वजनं पुढे सरकली. यातलं किती कॅलरींमुळे आणि किती मन निवळल्यामुळे, मला वेगळं काढता येणार नाही.

सुट्टीच्या दिवसांसाठी आठवड्याचा हिशोब कामाला आला. १,८०० गुणिले ७, म्हणजे १२,६००. पाच दिवस १,७००, दोन दिवस २,०५०, बेरीज तीच. बाहेर जेवायचं असेल तर आदल्या दिवशी उपाशी राहायचं नाही. प्रोटीन जसंच्या तसं ठेवायचं आणि तेल-भातात थोडं आवरायचं. हॉटेलातल्या पदार्थाचा अंदाज करताना तेल दुप्पट धरते आणि विषय सोडून देते. सप्टेंबरमध्ये तापाने आठवडाभर झोपून होते, तेव्हा नोंद पूर्ण बंद ठेवली. आजारपणातले आकडे सरासरीत घ्यायचे नाहीत, एवढंच.

ऑक्टोबरपासून खाण्याचं रोजचं वजन-माप थांबवलं. कायम स्केल घेऊन जगायचं असं माझ्या मनात कधीच नव्हतं, आणि हात आता बऱ्यापैकी बसलाय: भात १५० ग्रॅम वाढला तर बहुतेक वेळा दहा-पंधरा ग्रॅमच्या आत असतो. महिन्यातला एक आठवडा पुन्हा सगळं मोजते, कारण तेल हळूहळू सढळ होत जातं, दर वेळी तेच. बाकीचे दिवस फक्त सकाळचं वजन. सरासरी ६३ ते ६६ मध्ये असेल तर काही करायचं नाही. सलग दोन आठवडे ६६ च्या वर राहिली तर रोज १५० कॅलरी कमी, फॅट आणि कार्ब्समधून, पुन्हा आत येईपर्यंत. ६३ च्या खाली गेली तर तेवढ्याच वाढवायच्या; हे दुसरं वाक्य वहीत लिहिताना मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पुढच्या महिन्यात कामाची जागा बदलतेय. जाता-येताचं चालणं बंद होईल आणि वाहनात बसून राहणं वाढेल, म्हणजे १,८०० हा आकडा बहुधा टिकणार नाही. सुरुवातीला १,७०० वर राहीन, प्रोटीन ९० च ठेवीन, आणि चार आठवडे पुन्हा सगळं मोजून त्याच पद्धतीने नवा आकडा काढीन. पातेल्यांच्या बुडाशी आकडे परत लिहून झालेत.